खून वाढतात की नोंद वाढते?

जुनी माणसे म्हणतात, एकाच इसमाने एकामागून एक खून करावेत हे पूर्वी नव्हते. हे कितपत खरे आहे?

ठग तर होतेच. वाटसरूंशी सोबत जोडायची आणि रुमालाने गळा आवळायचा, ही त्यांची रीत. १८३० च्या सुमारास स्लीमनने त्यांची धरपकड सुरू केली, १८३६ मध्ये खास कायदा झाला. (ठगांचे आकडे इंग्रजांनी फुगविले असे काही इतिहासकार मानतात.) पायी निघालेला माणूस वाटेत नाहीसा झाला तर घरी कळण्यास महिने लागत, हेच ठगांचे खरे भांडवल. पुढे तारयंत्र व आगगाडी आली आणि ते सरले.

रामन राघवने १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत झोपलेल्या माणसांची डोकी फोडली. तेव्हा तो पोलिसांच्या हाती लागूनही सुटला. १९६८ मध्ये पुन्हा तेच सत्र. ऑगस्टमध्ये अटक झाल्यावर त्याने ४१ खून कबूल केले. मेलेले बहुतेक झोपडीतले, फुटपाथवरचे. याउलट १९७६-७७ मध्ये पुण्यात जोशी व अभ्यंकर कुटुंबे मारली गेली तेव्हा शहर संध्याकाळी दारे लावून बसू लागले. मारेकरी कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, आपल्याच वयाचे! चौघांना १९८३ मध्ये फाशी झाली. गावित मायलेकींनी मात्र १९९० ते १९९६ गरिबांची मुले पळविली, काहींना ठार केले, आणि सहा वर्षे ते उघडकीस आले नाही.

अमेरिकेत असे खून १९७०-८० च्या दशकांत शिगेला पोहोचले व नंतर घटले. डीएनए तपासणी, कॅमेरे, मोबाईल, लांब शिक्षा अशी कारणे अभ्यासक देतात. मला वाटते, ही साधने ज्याची चौकशी होते त्याच्याच कामी येतात.

आमच्या तांड्यातून दिवाळीनंतर निम्मी माणसे ऊसतोडीला जातात. एका वर्षी परतताना काकाचा पत्ता लागेना. तांड्यात कागद लिहिता येणारा मीच, म्हणून अर्ज घेऊन ठाण्यात गेलो. "पिऊन पडला असेल, येईल," असे म्हणून अर्ज परत दिला. नवव्या दिवशी काका आला. मोबाईल हरवला होता, अंगात ताप होता, आणि तो एका बसस्थानकावर तीन रात्री झोपला होता. अर्ज अजून माझ्या वहीत आहे.