काळी देवी, गोरी राजकन्या : अद्भुतकथेतील नायिकेविषयी एक टिपण

भोर तालुक्यातील वरवे बुद्रुकसारख्या गावातली मुलगी पौष पौर्णिमेच्या सुमारास घरच्यांबरोबर भोरहून घाटाने मांढरदेवच्या काळूबाईला जाते. ही देवी लाख्यासुराचा वध करणारी. काळेपण तिच्या नावातच आहे आणि ते कोणाला खुपत नाही. तीच मुलगी गोष्टीचे पुस्तक उघडते तेव्हा मात्र राजकन्या ‘गोरीपान’ असते. काळी असते ती चेटकीण, फार तर दासी. पराक्रम काळ्या देवीकडे आणि स्वयंवर गोऱ्या राजकन्येकडे, अशी ही वाटणी आपल्या कथनरूढीत इतकी मुरली आहे की ती वाटणी आहे हेही जाणवत नाही.

सावळी नायिका परंपरेत नव्हती असे नाही. द्रौपदी वर्णाने सावळी, म्हणून तर ती ‘कृष्णा’. यज्ञवेदीतून जन्म, त्या वेळची आकाशवाणी, स्वयंवरातील अवघड पण, वनवास, अज्ञातवास : आजच्या अद्भुतरम्य कुमारकादंबरीला लागणारी बहुतेक सामग्री तिच्या कथेत सिद्ध आहे. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने (१९६७) तिला माणूस म्हणून पाहिले. कॅलेंडरांवरच्या चित्रांनी मात्र तिला बहुधा गोरीच केले. विठ्ठलाचे सावळेपण अभंग-ओव्यांतून मिरवले गेले. मुलीचे सावळेपण लग्नाच्या बोलणीत उणे म्हणून मोजले गेले.

या संदर्भात अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिकांचे अलीकडचे कुमारवाङ्मय तपासण्याजोगे आहे. एल. एल. मॅकिनी यांच्या ‘अ ब्लेड सो ब्लॅक’मध्ये (२०१८) अद्भुतनगरीत उतरणारी ॲलिस ही अटलांटा शहरातील कृष्णवर्णीय मुलगी आहे. कॅलिन बेरॉन यांच्या ‘सिंड्रेला इज डेड’मध्ये (२०२०) राजवाड्यातील नृत्यसमारंभ हीच मुलींवरील सक्ती ठरते. परंतु माझ्या मते यांत सर्वांत दूरगामी प्रयोग ट्रेसी डिऑन यांच्या ‘लेजेंडबॉर्न’चा (२०२०). सामान्य वाटणारे पात्र अखेर राजवंशाचे निघते, ही फार जुनी रूढी. येथे ब्री मॅथ्यूज ही कृष्णवर्णीय मुलगी राजा आर्थरची वारस निघते. पण ते रक्त तिच्या कुळात आले ते गुलाम पूर्वजेवर मालकाने केलेल्या बलात्कारातून. वारसा येथे गौरव न राहता पुरावा होतो. कर्णाच्या जन्माचा उलगडा त्याला क्षत्रिय ठरवतो आणि कुळाच्या व्यवस्थेला धक्का लावत नाही. ब्रीच्या जन्माचा उलगडा त्या व्यवस्थेवरच आरोप ठेवतो.

तेथील वर्णभेद आणि आपला जातिभेद एकच नव्हेत. आपल्याकडे काळेगोरेपण जातीच्या सीमा काटेकोर पाळतही नाही. तरीही दोहोंना शेजारी ठेवून पाहण्याची दृष्टी मराठीला नवी नाही. जोतीराव फुले यांनी पुण्यातून लिहिलेली ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांनाच अर्पण केली होती.

म्हणूनच राजकन्येच्या चित्रात नुसता सावळा रंग भरल्याने मराठी अद्भुतकथा बदलेल, असे मला वाटत नाही. तसे केल्यास रूढी शाबूत राहते, नायिका तेवढी बदलते. राजकन्येचे राजकन्यापण कोणाच्या कष्टांवर उभे आहे, हे कथेला विचारावे लागेल. तीच गोष्ट दासीच्या बाजूने सांगायची झाली, तर आरंभ स्वयंवराच्या मंडपातून करता येणार नाही. तो पहाटेच्या जात्यापासून करावा लागेल.