स्वस्त वाइन लपवू नकोस

चि. सोनूस,


ऑफिसातली मंडळी जेवायला येणार म्हणून तू चार डॉलरची वाइन आधीच काचेच्या सुरईत ओतून ठेवलीस आणि रिकामी बाटली कचऱ्याच्या तळाशी दडवलीस, हे परवा फोनवर हसत हसत सांगितलंस. मला मात्र ते लागलं. वाइन आवडली का विचारलं, तर लगेच म्हणालीस, ‘खूप.’ मग लपवायचं कशासाठी? फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

मी वाइनकडे शेताच्या बाजूने पाहतो. 750 मिलीच्या बाटलीला किलोभर, फार तर सव्वा किलो द्राक्षं लागतात. बाटली चार डॉलरची असो की चारशेची, हे माप फारसं हलत नाही. दर वाढतो तो इतर गोष्टींनी. तुमच्या कॅलिफोर्नियातल्या नापामध्ये जमीनच अफाट महाग, आणि चांगल्या बागांत वेलीवर घडही मोजकेच ठेवतात. उलट तिथलंच सॅन वाकीनचं खोरं उष्ण आणि सपाट. एकरी उतारा भरपूर, काढणी यंत्राने. पुढे पिंपाचा खर्च. फ्रेंच ओकचं 225 लिटरचं नवं पिंप हजार डॉलरच्या आसपास पडतं आणि त्यात 300 बाटल्या बसतात. म्हणजे बाटलीमागे तीनेक डॉलर नुसत्या लाकडाचे. शिवाय तळघरात अडकून पडलेला पैसा, जड काच, जाहिरात आणि घराण्याचं नाव. यातली माती आणि पिंप चवीत उतरतात. जड काच आणि नाव उतरत नाहीत, पण पैसे त्यांचेही मोजावे लागतात.

आणि स्वस्त बाटलीमागे कष्ट कमी असतात असं समजू नकोस. इथे दिंडोरीत आम्ही एप्रिलमध्ये द्राक्षवेलींची खरड छाटणी करतो, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. मग डावणी, भुरी या रोगांची आणि अवकाळी पावसाची धास्ती. घड कोणत्या दराच्या बाटलीत जाणार हे रोगाला ठाऊक नसतं. रात्री ढग आले की झोप तेवढीच उडते. ती बाटली कुणी कचऱ्यात दडवली, की त्या घामालाही कमी लेखलं जातं, असं मला वाटतं.

आता चवीचं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 6 हजारांहून अधिक वेळा लोकांना दर न सांगता वाइन चाखवली होती. वाइनचं शिक्षण न घेतलेल्या माणसांना महाग वाइन जास्त आवडली नाही. उलट कणभर कमीच आवडली. त्याच वर्षी स्टॅनफर्ड आणि कॅलटेकच्या संशोधकांनी एकच वाइन दोन वेगवेगळे दर सांगून प्यायला दिली आणि त्या वेळी मेंदूची छायाचित्रं घेतली. दर जास्त सांगितला, तेव्हा मेंदूतला सुखाशी निगडित भाग खरोखरच जास्त जागा झाला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. महाग बाटलीचं कौतुक करणारा पाहुणा ढोंग करत नसतो, त्याला ती खरंच जास्त गोड लागत असते. म्हणून त्याची टवाळी करू नकोस. फक्त त्याचं सुख तुझ्यासाठी मापदंड मानू नकोस.

ट्रेडर जोजच्या दुकानांत 2002 साली 1.99 डॉलरला आलेली चार्ल्स शॉ वाइन तुला ठाऊकच आहे. 2007 मध्ये कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत तिची 2005 ची शार्डने त्या प्रकारात राज्यातली सर्वोत्तम ठरली होती. पण पाहुण्यांसमोर हे पदक ढालीसारखं पुढे करू नकोस. त्याच स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन या संशोधकाने परीक्षकांना त्यांच्या नकळत एकाच बाटलीतली वाइन तीन-तीनदा दिली होती. दहातला जेमतेम एक परीक्षक तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देऊ शकला. पदकाचाही आधार नाही, दराचाही नाही. तुला आवडली, एवढं कारण पुरेसं आहे.

म्हणून स्वस्त ते सगळंच चांगलं असंही नाही. स्वस्तात घ्यायची तर कोवळी, ताजी, सरळ फळाच्या चवीची घे: शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, रोझे, हलकी लाल. यांना मुळात पिंप आणि वर्षं लागतच नाहीत, त्यामुळे कमी पैशांत त्यांची चव पुरी उतरते. जी स्वस्त बाटली महागड्या पिंपातल्या वाइनची नक्कल करते, व्हॅनिलाचा वास आणि जाड गोडवा मिरवते, ती टाळ. लेबलवरचं वर्ष बघ; पांढरी वाइन दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी नको. दुकानात उन्हात उभी असलेली बाटली तर कितीही दराची असो, घेऊ नकोस. उष्णतेने वाइन मरते. आपल्याकडे काहींना वाइन आवडत नाही, त्याचं एक कारण त्यांनी पहिल्यांदा प्यायलेली बाटली अशी उकडून निघालेली होती हे असावं, असं मला वाटतं. फिरकीचं झाकण दिसलं तर हलकं समजू नकोस. ताजी प्यायच्या वाइनला ते बुचापेक्षा सोयीचं.

तुझ्या कोल्हापुरी रश्श्याबरोबर जड, तुरट लाल वाइन देऊ नकोस. तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्त बोचतात. तिथे किंचित गोडसर, थंडगार शेनिन बरी. कोथिंबीर वडीबरोबर सोव्हिन्यों ब्लाँ. कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यात लाल वाइनही वीसेक मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग वाढ. उरली तर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेव आणि दोन-तीन दिवसांत संपव, नाहीतर रश्श्यात घाल.

एक गोष्ट वडीलधारा म्हणून. वाइन हृदयाला चांगली म्हणून प्यावी, हे कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. दारूचं पूर्णपणे निर्धोक असं प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट सांगितलं आहे. स्वस्त आहे म्हणून ग्लास वाढवू नकोस. आणि पाहुण्यांपैकी कुणी घेत नसेल तर त्याला आग्रह नको, कारणही विचारू नकोस. चार डॉलरची बाटली उजळ माथ्याने टेबलावर ठेवावी, तितक्याच उजळ माथ्याने एखाद्याला पाणी मागता आलं पाहिजे.

फेब्रुवारीत आमची शेनिन काढणीला येते. ऊन तापायच्या आत घड क्रेटमध्ये पडायला हवेत, म्हणून पहाटेच मजूर बागेत येतात. तेव्हा रजा मिळते का बघ आणि तिकीट काढण्याआधी मला कळव.

तुझा,
मामा