अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानें विषय कसे निवडावे

शाळेंत कोणते विषय शिकावयाचे हा प्रश्न विद्यार्थ्यास फारसा पडत नाहीं. वेळापत्रक भिंतीवर लागलेलें असतें, पुस्तकें नेमलेलीं असतात, आणि कोणी मागें पडल्यास वर्गशिक्षक स्वतः होऊन विचारपूस करितात. अभियांत्रिकी महाविद्यालयांत ही स्थिति पालटते. तेथें दर सहामाहीच्या आरंभीं विद्यार्थ्यानें आपले विषय नोंदवावयाचे असतात. त्यांतील कांहीं सक्तीचे तर कांहीं ऐच्छिक असतात. या नोंदणीचें महत्त्व ज्यास कळलें नाहीं, त्याचें एखादें वर्ष फुकट जाण्याचा संभव असतो. मुर्धा, राई, मोर्वा, उत्तन या आपल्या बाजूच्या गांवांत अभियांत्रिकीकडे जाणारा मुलगा किंवा मुलगी पुष्कळदां त्या घरांतील पहिलीच असते. घरीं विचारावें असें कोणी नसतें. अशा विद्यार्थ्यांकरितां हा पाठ लिहिला आहे.

पूर्वीं ही अडचण एवढी नव्हती. पुण्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ सालीं एका लहान वर्गाच्या रूपानें सुरू झालें. मुंबईची व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ सालीं निघाली. १९९७ सालापासून तिला वीरमाता जिजाबाईंचें नांव आहे. त्या जुन्या काळीं अभ्यास बहुतांशीं ठरलेला असे, आणि ठरलेल्या वाटेनें जाणारास वाटाड्या लागत नाहीं. अमेरिकेंत चार्ल्स एलियट हे १८६९ ते १९०९ पर्यंत हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांनीं विद्यार्थ्यांस विषय निवडण्याची मोठी मोकळीक दिली; आणि मोकळीक येतांच नव्या विद्यार्थ्यांस सल्ला देणारे प्राध्यापकहि नेमावे लागले. आपल्या देशांत २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें निवडीचें क्षेत्र तसेंच वाढविलें आहे. मोकळीक हें मोठें दान खरें, परंतु ज्यास सल्ला मिळतो त्यासच तें लाभतें. म्हणून पुढील चार गोष्टी नीट समजून घ्याव्या.

पहिली गोष्ट श्रेयांकांची. विद्यार्थी ज्यास क्रेडिट म्हणतात तें हेंच. आठवड्यांत एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक, आणि दोन तास प्रयोगशाळेंतील काम म्हणजेहि एक श्रेयांक, असें हें माप आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें २०१८ सालीं काढलेल्या आदर्श अभ्यासक्रमांत चार वर्षांच्या पदवीस १६० श्रेयांक धरले होते, म्हणजे आठ सहामाह्यांत प्रत्येकीं सरासरी २०. निरनिराळ्या विद्यापीठांत हा आंकडा थोडा कमीजास्त असतो. आतां हिशेब करून पाहूं. २० पैकीं १६ श्रेयांक व्याख्यानांचे व ४ प्रयोगांचे धरले, तर आठवड्यास १६ आणि ८ मिळून २४ तास वर्गांत जातात. भाईंदरहून गाडीनें जातां-येतां रोज तीन तास लागले, तर पांच दिवसांचे १५ तास झाले. व्याख्यानाच्या दर तासामागें घरीं एक तास अभ्यास धरला तर आणखी १६. एकूण ५५ तास भरले. शाखेबाहेरच्या एखाद्या विषयांत गौण पदवी घ्यावयाची असल्यास परिषदेच्या आराखड्याप्रमाणें १८ ते २० श्रेयांक अधिक लागतात. ते चार सहामाह्यांत वांटले तरी प्रत्येकीं पांचांच्या आसपास पडतात. हे तास कोठून आणावयाचे, हें नोंदणीपूर्वींच कागदावर मांडून पाहावें. मित्रानें घेतला म्हणून विषय घेणारे हा हिशेब करीत नाहींत, आणि मग परीक्षेच्या वेळीं सक्तीच्या विषयांतच मार खातात.

दुसरी गोष्ट क्रमाची. ही समजण्यास आपल्या भाईंदरच्या मिठागरांची रीत उपयोगीं पडेल. भरतीचें पाणी प्रथम मोठ्या तळ्यांत घेतात. तेथें तें उन्हानें आटूं लागलें म्हणजे पुढील उथळ वाफ्यांत सोडतात, आणि असें टप्प्याटप्प्यानें दाट झालेलें पाणी शेवटच्या वाफ्यांत आलें म्हणजे मीठ धरतें. मधले टप्पे टाळून समुद्राचें पाणी एकदम शेवटच्या वाफ्यांत आणलें, तर नुसतें पाणीच सांचून राहतें. अभियांत्रिकीचे विषयहि असेच एकांतून एक निघतात. स्थापत्य शाखेंत आधीं बलांचें शास्त्र, नंतर स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, मग इमारतीच्या सांगाड्याचें गणित, आणि अखेर सिमेंट-कांक्रीटच्या बांधणीचा आराखडा. संगणक शाखेंत प्रथम प्रोग्रॅमिंग, नंतर डेटा स्ट्रक्चर्स, मग अल्गोरिदम. प्रत्येक विषयाच्या माहितीपत्रकांत त्यापूर्वीं काय शिकलेलें असावें हें बहुधा दिलेलें असतें. ती ओळ सोडून पुढें वाचूं नये. पहिल्या वर्षाचें गणित राहिलें असेल, तर तें केवळ एका विषयांतील अपयश नव्हे; त्यावर उभे राहणारे पुढील सर्व विषय डळमळतात. म्हणून राहिलेला विषय सर्वांत आधीं सोडवावा, नवीन ऐच्छिक विषयाचा मोह नंतर.

तिसरी गोष्ट नियमांची. विद्यार्थ्यास सामान्यतः तो ज्या वर्षीं दाखल झाला त्या वर्षाचा आराखडा लागू होतो. आराखडे वरचेवर बदलतात. यामुळें शेजारच्या दादानें किंवा ताईनें दिलेली माहिती प्रेमाची असली तरी ती जुन्या आराखड्याची असण्याचा संभव आहे. किती विषय राहिले असतां पुढील वर्गांत बसूं देतात, विषय बदलण्याची शेवटची तारीख कोणती, हजेरी किती लागते, या तीन प्रश्नांचीं उत्तरें आपल्या वर्षाच्या छापील नियमांतून काढून वहींत लिहून ठेवावीं.

चौथी गोष्ट सल्लागाराची. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत, जी १९५८ सालीं स्थापन झाली, प्रत्येक विद्यार्थ्यास एक प्राध्यापक सल्लागार म्हणून नेमून दिलेले असतात. इतर अनेक महाविद्यालयांत त्यांस मेंटर म्हणतात. पुष्कळ विद्यार्थी त्यांच्याकडे केवळ सहीपुरते जातात, तेंहि शेवटच्या दिवशीं. ही मोठी हानि होय. नोंदणीच्या आठवडाभर आधीं जावें, आणि बरोबर एक कागद न्यावा. त्यावर आजवर मिळविलेले श्रेयांक, राहिलेले विषय, या सहामाहींत घ्यावयाचे विषय, आणि आपल्या मनांतील दोन प्रश्न लिहिलेले असावे. “सर, मी काय घेऊं?” असें मोघम विचारल्यास उत्तरहि मोघमच मिळेल. “सर, माझें दुसरें गणित राहिलें आहे, तें सोडवीत असतां हा विषय झेपेल काय?” असें विचारल्यास खरें उत्तर मिळेल. घरीं पैशांची ओढ असल्यास, किंवा आजारपण असल्यास तेंहि सांगण्यास लाजूं नये. मराठी माध्यमांतून आलेल्या विद्यार्थ्यानें इंग्रजी अडखळत असेल तर मराठींत विचारावें. प्रश्न मनांत ठेवून गप्प बसण्यापेक्षां तें शतपट बरें.

दहावीच्या विद्यार्थिमित्रांनीं ही संवय आतांपासूनच लावून घ्यावी. तुमच्यापुढें दोन वाटा आहेत. तंत्रनिकेतनांत तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट जातां येतें. किंवा अकरावी-बारावीस विज्ञान घेऊन राज्याची सीईटी द्यावी लागते. पदविकेवरून येणारानें पहिल्याच आठवड्यांत सल्लागारास भेटून आपलें गणित कोठवर झालें आहे हें सांगावें. सीईटीनंतर महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरतांना तो खऱ्या इच्छेच्या क्रमानेंच भरावा. वरची जागा मिळणार नाहीं या भीतीनें ती खालीं लिहूं नये, कारण गुणानुक्रमानें जी सर्वांत वरची पसंती मिळूं शकते तीच दिली जाते.

बुरूज बांधूं इच्छिणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करितो, असा दाखला लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत प्रभु येशूनें दिला आहे. अभियंता होऊं पाहणारास याहून समर्पक धडा नाहीं. पाया घालून काम अर्धवट राहिलें तर नुकसान एकट्या विद्यार्थ्याचें होत नाहीं. ज्या आईबापांनीं मिठागरांत, शेतांत किंवा होडीवर राबून त्याची फी भरली, त्यांचेंहि होतें. म्हणून हिशेब आधीं करावा, क्रम सोडूं नये, आणि विचारण्यास कधींहि लाजूं नये.