जपानमधलं शाकाहारी पान

प्रश्न : आम्ही दोघं साठीचे, पूर्ण शाकाहारी. एप्रिलमध्ये लेकीबरोबर जपानला निघालोय. खाण्यावागण्याचं कसं जमवावं?

उत्तर : आधी खाण्याचं सांगते, घोळ तिथेच होतो. ‘मांस नको’ म्हटलं, तरी मिसो सूपमध्ये, अगदी शिजवलेल्या भाजीतही बहुधा ‘दाशी’ असतं. म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाचा अर्क. वाढणारा फसवत नसतो, त्याच्या लेखी ते मांस नसतंच. म्हणून ‘मांस, मासे, दाशी चालत नाही’ अशी जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवा. कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्रातल्या एखाद्या मठात एक रात्र काढाच. तिथलं ‘शोजिन र्‍योरी’ हे भिक्षूंचं जेवण कांदा-लसणाशिवायचं असतं. सोबत मेतकूट न्या, हापूस मात्र नको, ताजी फळं विमानतळावर अडवतात.

आता वागण्याचं. रेल्वेत फोनवर बोलू नका. टीप देऊ नका.

ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याचे झरे, आपल्याला खरे अवघड जातात. स्त्री-पुरुषांची सोय बहुतेक ठिकाणी वेगळी, पण पाण्यात उतरायचं ते विवस्त्रच, तेही बाहेर स्वच्छ अंघोळ करून. संकोच वाटला तर त्यात कमीपणा नाही. बऱ्याच ठिकाणी कुटुंबापुरतं स्वतंत्र कुंड तासाच्या हिशोबाने मिळतं, ते आधी ठरवून ठेवा.