एकच भोक

आपल्या भागात पूर्वी विहिरीवर मोट चाले. काही विहिरी दुमोटी असत. एका मोटेचा नाडा तुटला तरी दुसरी चालू राही. एकमोटी विहिरीचा नाडा तुटला की पाणी बंद.

आता मोबाईल फोनही एकमोटी झाला आहे. जुन्या फोनला दोन भोके असत. एक चार्जिंगचे, दुसरे कानात घालायच्या वायरचे. २०१६ साली ॲपल कंपनीने आयफोन ७ मधून हे दुसरे गोल भोक काढून टाकले. मग पुष्कळ कंपन्यांनी तेच केले. आत जागा मोकळी होते, पाणी शिरायची एक वाट बुजते, हे खरे. पण बॅटरी भरायची ती तिथूनच, वायर लावून ऐकायचे तेही तिथूनच. दोन्ही एकदम करायचे तर दुतोंडी जोड विकत आणा!

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावची गोष्ट. गेल्या खरिपात ई-पीक पाहणीचा शेवटचा दिवस होता. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, म्हणजे सातबारावर पिकाची नोंद लागते. शेजारचे तात्या धावत आले. "गुरुजी, वायर लावली, पण फोन काय भरंना." बाजरी उभी आणि फोन निपचित.

आम्ही भोकात पाहिले. आत तंबाखूचा चुरा घट्ट बसलेला. तात्या सुई घेऊन सरसावले. आम्ही त्यांचा हात धरला. या नव्या 'टाइप-सी' भोकात मधोमध एक पातळ जीभ असते. विजेच्या बारीक पट्ट्या तिच्यावरच असतात. सुईने ती मोडली तर फोन दुकानात न्यावा लागतो. आम्ही फोन बंद केला. लाकडी दातकोरणीने कडेकडेने, हलक्या हाताने मळ काढला. फुंकर मारली नाही, तोंडाची ओल आत जाते.

मळ निघाला, तर लाइट गेलेली! मग आठवले, एका फोनवरून अनेक खातेदारांची पाहणी करता येते. आमचा फोन घेऊन दोघे बांधावर गेलो. दिवस मावळायच्या आत तात्यांची बाजरी नोंदली गेली.

या भोकाचा एक गुण मात्र सांगितला पाहिजे. वायर उलटी-सुलटी कशीही बसते. जुन्या भोकात लोक उलटी वायर रेटत आणि भोक ढिले करून ठेवत. युरोपीय संघाच्या देशांत तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला हेच भोक हवे, असा नियम आहे. त्यामुळे एकाची वायर दुसऱ्याच्या फोनला चालते.

तात्यांनी फोनचा खिसा बदलला. तंबाखू काही सुटली नाही.