प्राणवायु आणि औषधाचा गुण



पेटत्या मेणबत्तीवर पेला उपडा घातला कीं ती विझते, हा प्रयोग वर्गांत दाखवीत असतां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, माझ्या आजोबांना मूत्राशयाचा कर्करोग आहे. औषधानें गांठ आधीं लहान झाली, मग पुन्हा वाढली. असें कां?" या प्रश्नाचें उत्तर कांहीं अंशीं त्या पेल्याखालींच आहे.

आपल्या शिर्डी-राहात्याकडे पाटाचें पाणी सर्वांच्या परिचयाचें आहे. पाटाच्या तोंडाचें शेत भिजतें, शेपटाकडील शेत कोरडें राहतें. शरीरांत रक्तवाहिन्या हेच पाट होत. कर्करोगाची गांठ घाईनें वाढते; तिच्यांतील वाहिन्या वांकड्यातिकड्या व अपुऱ्या असतात. सूक्ष्म रक्तवाहिनीपासून सुमारें 0.15 मिलिमीटरपलीकडे पुरेसा प्राणवायु पोंचत नाहीं.

याचे परिणाम तीन. पहिला, औषधहि रक्तावाटेंच जात असल्यानें तें तेथवर कमी पोंचतें. दुसरा, सिस्प्लॅटिनसारखीं औषधें मुख्यतः विभागणाऱ्या पेशींस मारतात. उपाशी पेशी मात्र कोरड्या रानांतील हरळीप्रमाणें निपचित पडून राहतात आणि पुढें फुटतात. तिसरा, प्राणवायु कमी झाला कीं पेशींत एक विशिष्ट प्रथिन सांचतें व तग धरण्याचे अनेक मार्ग उघडतें. पेशींस प्राणवायूची चाहूल कशी लागते, हें उलगडणाऱ्या सेमेन्झा, रॅटक्लिफ व केलिन यांस 2019 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

अशा गोष्टी पेशी कांचपात्रांत वाढवून अभ्यासितात. भारतांतील पहिली पेशी-संवर्धन प्रयोगशाळा मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्यें डॉ. कमल रणदिवे यांनीं उभारली. पुण्यांत 1917 सालीं जन्मलेल्या या विदुषीनें उत्तरायुष्यांत आपल्याच जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत आदिवासी बालकांच्या पोषणाचाहि अभ्यास केला. कांचपात्रांतील पेशींस सामान्यतः हवेइतका, म्हणजे शेंकडा 20 च्या आसपास प्राणवायु मिळतो. गांठींत मात्र तो कित्येकदां शेंकडा 2 हूनहि कमी असतो. म्हणून पात्रांत गुणकारी ठरलेलें औषध रुग्णांत फिकें पडूं शकतें. प्राणवायु कमी ठेवून केलेल्या अनेक प्रयोगांत मूत्राशय-कर्काच्या पेशी सिस्प्लॅटिनला अधिक दाद देईनाशा झाल्या. उलट मायटोमायसिन हें औषध प्राणवायूच्या अभावीं अधिक प्रखर होतें, असेंहि प्रयोगशाळेंत आढळलें. तात्पर्य, एकाच औषधाचा गुण परिस्थितीप्रमाणें पालटतो.

यावरून घरीं प्राणवायूची नळी आणून रोग हटेल, असें मात्र कोणी समजूं नये. वाहिनीच जेथें नाहीं, तेथें नुसता श्वास काय करील? रेडिओ-किरणांबरोबर प्राणवायुयुक्त मिश्रण व निकोटिनामाइड देऊन इंग्लंडमध्यें 333 रुग्णांवर चाचणी झाली. 2010 सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीन वर्षांनीं शेंकडा 46 ऐवजीं 59 रुग्ण हयात होते. पण तो उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीचा होय.

पालकांस एक विनंती. विडी-सिगारेटचा धूर हें या रोगाचें सर्वांत मोठें ज्ञात कारण आहे. शिवाय त्या धुरांतील विषारी वायु रक्तांत प्राणवायूची जागा बळकावतो. लघवींतून रक्त गेलें, मग वेदना नसली तरी, संकोच न धरितां त्वरित डॉक्टरांस दाखवावें. गांठ लहान असतां उपाय सुलभ असतो.

आणि माझ्या बाळा, आजोबांची गांठ पुन्हा वाढली, यांत त्यांच्या धीराची उणीव नाहीं. शेपटाकडील शेतापर्यंत पाणी कसें न्यावें, याचा शोध अजून चालू आहे. तो पुरा करणारा तुमच्यांपैकींच कोणी कां नसावा?