माळढोकाचे पिलू : परिसर-अभ्यासासाठी एक पाठ

गाईम्हशींचे कृत्रिम रेतन खेड्यातील मुलांस परिचित आहे. तीच युक्ती नष्ट होऊ घातलेल्या एका पक्ष्यासाठीही योजिली गेली, हे मात्र त्यांस नवलाचे वाटेल. शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य घ्यावे.

सोलापूरजवळील नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. आज तेथे त्याचे दर्शन दुर्मीळ आहे. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात रामदेवरा व सुदासरी येथे या पक्ष्याची संवर्धन-केंद्रे आहेत. बंदिवासात नर-मादी जुळतीलच असे नसते. म्हणून रामदेवऱ्याच्या एका नरास बनावट मादीची सवय लावण्यात आली. २०२४ च्या सप्टेंबरात त्याचे वीर्य सुदासरीस नेऊन तेथील मादीस देण्यात आले. तिने अंडे घातले आणि १६ ऑक्टोबरला पिलू बाहेर आले. (लहान वर्गात ‘नराचे बीज’ एवढे म्हटले तरी पुरे.)

परंतु अशी पिले वाढली तरी सोडावयाची कोठे? माळ म्हणजे पडीक जमीन, हा समज फार रुजलेला आहे. शिवाय माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने समोरची वीजतार त्यास वेळेवर दिसत नाही, आणि जड शरीर ऐनवेळी वळत नाही. फळ्यावर डोके काढून हे समजावावे व गावच्या माळावरून किती तारा जातात, ते मुलांकडून मोजून घ्यावे.